विश्लेषण : तेराव्यानंतरच्या जागत्या रात्री; शोकातील माणसाच्या झोपेला आधार कसा द्यावा?

घरात कुणी गेले की पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेले असते. शेजारून पिठले-भात येतो, रात्री कुणी ना कुणी सोबतीला असते. तेरावा किंवा चाळिसावा होतो, पाहुणे गावी परततात आणि दार लोटून घेतल्यावर मागे राहिलेल्या माणसासमोर रात्र उभी राहते. इतरांची मदत संपते, नेमक्या त्याच वेळी अनेकांच्या झोपेचा प्रश्न गंभीर होऊ लागतो.

झोप का उडते?

शोकात शरीरही मनाइतकेच सामील असते. मोठ्या धक्क्यानंतर ते सावध अवस्थेत राहते. छातीत धडधडते, छोट्या आवाजानेही जाग येते. दिवसा कामात गुंतलेले मन रात्री मोकळे होते आणि ‘वेळेवर दवाखान्यात नेले असते तर?’ असे प्रश्न फिरू लागतात. जोडीदार गमावलेल्या व्यक्तीला शेजारची रिकामी जागा छळते. दीर्घ आजारात सेवा केलेल्यांचे शरीर रात्री औषधाच्या वेळेला उठायला सरावलेले असते. रुग्ण गेल्यानंतरही त्यांना त्याच वेळी जाग येत राहते.

हा आजार आहे का?

सुरुवातीच्या आठवड्यांत झोप मोडणे स्वाभाविक आहे. बहुतेकांची झोप हळूहळू सावरते. मात्र आठवड्यातून किमान तीन रात्री, असे तीन महिने किंवा अधिक काळ चालले आणि दिवसाच्या कामावर परिणाम होऊ लागला, तर वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन निद्रानाश मानते. अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते, दुःख सोसण्याची ताकद कमी होते आणि त्यामुळे पुन्हा झोप उडते. हे चक्र वेळीच तोडावे लागते.

घरच्यांनी काय करावे?

रात्री सोबतीला झोपायला जाण्याची आपल्याकडची जुनी रीत उपयोगाची आहे. ती तेराव्यानंतरही काही आठवडे, शक्य तेवढी चालू ठेवावी. त्या व्यक्तीला मात्र आधी विचारावे. काहींना एकांत हवा असतो.

रात्री कितीही जाग्रण झाले तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवणे महत्त्वाचे आहे. ‘झोपू दे जरा’ म्हणून उशिरापर्यंत झोपू दिल्यास पुढची रात्र आणखी बिघडते. सकाळी कोवळ्या उन्हात फेरी मारायला सोबत न्यावे. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ नये. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर चहा होतो. संध्याकाळनंतर तो टाळावा, कारण कॅफिनचा परिणाम कित्येक तास टिकतो.

झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहता उठून मंद दिव्यात बसावे आणि डोळे जड झाल्यावर परत यावे. घड्याळ आणि फोटोंनी भरलेला मोबाइल उशाशी नको. आठवणी दाबायच्या नाहीत, त्यांना संध्याकाळी वेळ द्यायचा. ‘आता विसर’ म्हणण्याऐवजी गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलू द्यावे.

झोपेची गोळी द्यावी का?

‘माझ्याकडची अर्धी घे’ हा सल्ला आपुलकीचा असला तरी धोक्याचा आहे. अल्प्राझोलामसारखी औषधे भारतात ‘एच-१’ अनुसूचीत येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्यांची सवय लागते. वृद्धांमध्ये तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. गरज वाटल्यास डॉक्टर थोड्या दिवसांसाठी औषध देतात. ते नेमके तेवढेच घ्यावे. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.

दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून निद्रानाशासाठीच्या विचार-वर्तन उपचारपद्धतीची शिफारस केली जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये प्रौढांसाठी तीच भूमिका घेतली. झोपेच्या वेळा बांधणे, अंथरुणाचा संबंध पुन्हा झोपेशी जोडणे आणि झोपेविषयीची भीती कमी करणे, हे तिचे मुख्य भाग आहेत.

डॉक्टरांकडे कधी न्यावे?

झोपेत जोरजोरात घोरणे, श्वास अडकणे, जेवण सुटणे, दिवसभर गुंगी येणे किंवा दारूवर अवलंबून राहणे दिसले तर थांबू नये. सहा महिन्यांनंतरही शोकाची तीव्रता तशीच राहून रोजचे जगणे ठप्प असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात त्याला ‘दीर्घकाळ लांबलेला शोक’ हे स्वतंत्र निदान आहे. त्यावर उपचार आहेत.

‘मलाही त्यांच्याकडे जायचे आहे’ असे शब्द कानी आले तर ते बोलण्याच्या ओघातले समजू नयेत. थेट विचारावे, एकटे सोडू नये आणि तातडीने मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते.

जबाबदारी कुणाची?

एकट्या घरच्यांची नाही. कामावर परतलेल्याला काही आठवडे रात्रपाळी आणि लांबचे वाहन चालवणे यातून सूट देणे वरिष्ठांच्या हाती असते. नातेवाइकांनीही अंत्यविधीला हजेरी लावून कर्तव्य संपले असे मानू नये. विसाव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी एक फोन करावा आणि ‘जेवलात का?’ याबरोबर ‘रात्री झोप लागते का?’ हेही विचारावे.