बसतंय म्हणून जोडू नका!

तर झालं असं. मामाने १९८६ साली जर्मनीहून आणलेला कमोडोर ६४ यंदा दिवाळीत माझ्या ताब्यात आला. जॉयस्टिक मात्र मधल्या कुठल्यातरी घर-बदलात हरवलेली. मित्राकडे सेगा मेगा ड्राइव्हचा पॅड पडून होता. तोच नऊ पिनांचा कनेक्टर, अगदी चपखल बसला. गेमही चालला! आणि तासाभराने कीबोर्डची अर्धी बटणं मुकी झाली. चूक शंभर टक्के माझी. पण तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की कनेक्टरच्या आकारावर डोळे मिटून विश्वास ठेवणं हा आम्हा यूएसबीवाल्या पिढीचा आजार आहे.

मुळात अटारीने १९७७ मध्ये २६०० कन्सोलला दिलेली रचना इतकी साधी की हेवा वाटावा. पिन १ वर, २ खाली, ३ डावीकडे, ४ उजवीकडे, ६ फायर, ८ ग्राउंड. सातवर ५ व्होल्ट, आणि ५ व ९ पॅडलसाठी. जॉयस्टिकच्या आत निव्वळ स्विच! दांडा ढकलला की ती पिन ग्राउंडला जोडली जाते, बास. कमोडोर ६४, अमिगा, अटारी एसटी, सगळ्यांनी दिशांची आणि फायरची हीच जोडणी ठेवली.

मेगा ड्राइव्हचं (१९८८) तसं नाही. तिथे ५ व्होल्ट पाचव्या पिनवर, सातवर ‘सिलेक्ट’, आणि पॅडच्या पोटात एक चिप. आता कमोडोरची गंमत बघा. त्याच्या जॉयस्टिकच्या तारा कीबोर्डशी सामाईक आहेत. पोर्ट १ मध्ये फायर दाबलं तर स्क्रीनवर चक्क स्पेस उमटते! (म्हणूनच बहुतेक गेम पोर्ट २ वापरतात.) कीबोर्ड वाचताना ६५२६, म्हणजे सीआयए चिप, तार खाली ओढते आणि पॅडमधली चिप तीच तार वर ढकलते. या रस्सीखेचीत म्हातारी चिप हरते. कमोडोर कंपनी १९९४ मध्येच दिवाळखोरीत गेली, त्यामुळे मूळ चिप हवी तर दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढलेली शोधायची.

एमएसएक्स मशीनवर पुन्हा वेगळं: ५ व्होल्ट पाचवर, ग्राउंड नऊवर. अ‍ॅमस्ट्रॅडने तर १९८६ च्या स्पेक्ट्रम +२ वर कहर केला. प्लग तोच, आतल्या तारांची अदलाबदल. अटारीछाप जॉयस्टिक अ‍ॅडॉप्टरशिवाय चालायची नाही, आणि चालेल अशी जॉयस्टिक कंपनी स्वतः विकायची. हेतू काय ते सांगायला ज्योतिषी नको. मला विचाराल तर वेगळी जोडणी करायला हरकत नाही, पण मग प्लगही वेगळा करा ना! बीबीसी मायक्रोने अ‍ॅनालॉग जॉयस्टिकसाठी सरळ १५ पिनांचा सॉकेट दिला, तिथे निदान चूक करता येत नाही.

आपण सुट्टीत ‘कॅसेट’ घालून मारिओ खेळायचो, त्या स्वस्त व्हिडिओ गेमांपैकी कित्येकांच्या रिमोटलाही नऊच पिना असायच्या. आत मात्र निन्टेन्डोची पद्धत, सगळी बटणं एकाच तारेवरून एकामागून एक. तो रिमोट अजून माळ्यावर असेल तर कमोडोरपासून लांब ठेवा.

मग ओळखायचं कसं? जॉयस्टिक कशालाही न जोडता मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक टोक आठवर, दुसरं १, २, ३, ४, ६ वर फिरवा. त्या त्या दिशेला ढकलल्यावरच बीप वाजला तर आत नुसते स्विच आहेत. नाही वाजला तर एकतर तारा बदललेल्या किंवा आत चिप. दोन्ही बाबतींत लावू नका. आणि हो, मशीनवरच्या पिना समोरून बघताना १ डावीकडे वर येते, जॉयस्टिकच्या प्लगवर ती उजवीकडे. आरशातल्यासारखं. मी यातही एकदा फसलोय.

दोनशे रुपयांचा मल्टिमीटर माझ्या ड्रॉवरमध्येच होता. असो.

चिप कुरियरने येतेय. काल मामाचा फोन होता, “चालतंय ना रे?” म्हटलं, “हो मामा, फक्त जॉयस्टिक शोधतोय.”