विश्लेषण : मेमरीतील चुका शोधण्यासाठी ‘वॅलग्रिंड’ की ‘ॲड्रेस सॅनिटायझर’?

‘हार्टब्लीड’ एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला, तोवर ‘ओपनएसएसएल’मधील ही चूक दोन वर्षे जगभरच्या सर्व्हरवर नांदत होती. समोरच्याने मजकूर पाठवायचा, त्याची लांबी सांगायची आणि सर्व्हरने तो परत करायचा, एवढाच व्यवहार. सांगितलेली लांबी खरी आहे का, हे मात्र कोणी तपासत नव्हते. परिणामी एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत शेजारची मेमरी बाहेर जाऊ शकत होती. त्यात पासवर्ड असत, गुप्त कीदेखील.

चुका लपतात का?

सी आणि सी++ भाषांत मेमरीची हद्द सांभाळणे प्रोग्रामरच्या माथी असते. हद्द ओलांडली तरी प्रोग्राम बऱ्याचदा मुकाट चालू राहतो. बिघाड दिसतो तो पुढे कधीतरी, भलत्याच ठिकाणी.

दोन साधनांत फरक काय?

वॅलग्रिंडमधील ‘मेमचेक’ला प्रोग्राम नव्याने कंपाइल करावा लागत नाही. मूल्य न भरताच वापरलेली जागाही तो दाखवतो. पण त्याच्या देखरेखीखाली प्रोग्राम १० ते ५० पट मंदावतो. गूगलच्या अभियंत्यांचा ॲड्रेस सॅनिटायझर कंपाइल करतानाच तपासणी पेरतो. क्लँग आणि जीसीसी या दोन्ही कंपायलरमध्ये तो आहे आणि प्रोग्राम साधारण दुप्पट वेळ घेतो. स्टॅकवरील व ग्लोबल अ‍ॅरेची हद्द ओलांडलेलीही त्याला कळते. मेमचेक इथे चुकतो. न भरलेल्या मूल्यांबाबत मात्र सॅनिटायझर आंधळा.

मग निवड कशी?

रोजच्या चाचण्यांसाठी सॅनिटायझरच घ्यावा. दहा मिनिटांच्या चाचण्या वीस मिनिटांवर गेल्या तर संघ कुरकुरत का होईना सहन करतो. त्या काही तासांवर गेल्या की कोणीतरी तपासणी बंद करतो आणि ती पुन्हा सुरू करायची आठवण कोणालाच राहत नाही. मेमचेक आवृत्ती प्रसृत करण्यापूर्वी चालवावा. सोर्स कोड हाती नसलेली लायब्ररी असेल तर त्याला पर्यायही फारसा नाही.

हार्टब्लीड सापडला असता?

नुसत्या नेहमीच्या चाचण्यांत नाही. दोन्ही साधने प्रत्यक्ष चाललेलाच कोड तपासतात आणि नेहमीच्या चाचण्या खरी लांबीच पाठवतात. चूक उघड झाल्यावर वर्षभराने जर्मन पत्रकार हानो ब्योक यांनी सॅनिटायझरला ‘फझिंग’ची, म्हणजे मुद्दाम वेडावाकडा मजकूर पाठवत राहण्याची, जोड दिली. तेव्हा हार्टब्लीड काही तासांतच हाती लागला.