अतिथी कोण आहे?

श्रावणी अमावास्या म्हणजे वऱ्हाडात दुहेरी सण. बाहेर तोरणाखाली सजविलेल्या बैलांचा पोळा आणि घरात मातेचे पिठोरी व्रत. पिठाच्या योगिनी मांडून आई चौसष्ट योगिनींची पूजा करते, खीर-पुरीचे वाण मस्तकी धरते आणि मागे न पाहता विचारते, "अतिथी कोण आहे?" मागे उभे असलेले लेकरू उत्तर देते, "मी आहे." त्या दोन शब्दांत तिच्या वर्षभराच्या जागरणांचे पारणे फिटते.

आईचे सुख हे असे लहानसे असते; कष्ट मात्र उदंड. आमच्या बडनेऱ्याच्या फलाटावर ते रोज दृष्टीस पडतात. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी निघालेल्या मुलाला मुंबईच्या गाडीत बसवून, फराळाचा डबा खिडकीतून देऊन, गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहणारी माउली कोणी पाहिली नाही? घरी परतल्यावर सवयीने एक भाकरी अधिक थापली जाते. त्या भाकरीचे दुःख कोणाला सांगावे?

परंतु पिठोरीची कहाणी याहून दारुण आहे. दर श्रावणी अमावास्येला, घरच्या श्राद्धाच्याच दिवशी, सुनेचे मूल जन्मते आणि दगावते. सातव्या खेपेस सासरा मृत बालक तिच्या ओटीत घालून तिला अरण्यात हाकलून देतो. तिचे दुःख जाणले ते अरण्यातील देवतांनी. योगिनींनी "अतिथी कोण आहे?" असे विचारताच "मी आहे" असे म्हणाली ती हीच परित्यक्ता आई. म्हणजे हे व्रत भरल्या घरातील भाग्यवतीने नव्हे, तर घराने टाकलेल्या मातेने आपणांस दिले आहे. याचे विस्मरण आम्हांस परवडणारे नाही.

अशी कहाणी आपल्या काळातही घडली. वर्धा जिल्ह्यात १९४८ साली जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ गर्भवती असताना घराबाहेर काढल्या गेल्या. गोठ्यात त्यांनी कन्येला जन्म दिला. पुढे रेल्वेगाड्यांत भीक मागून त्यांनी अनाथ लेकरे पोसली, आपल्या जिल्ह्यातील चिखलदऱ्यास मुलींचे वसतिगृह उभारले. पोरक्यांना दुजाभाव वाटू नये म्हणून पोटची मुलगी त्यांनी पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती संस्थेच्या स्वाधीन केली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ४ जानेवारी २०२२ रोजी त्या निवर्तल्या. घराने टाकलेली स्त्री सहस्रावधींची माय झाली.

त्याच चिखलदऱ्याच्या आसपास, मेळघाटात, कुपोषणाने रित्या झालेल्या पाळण्यांच्या वार्ता १९९० नंतरच्या दशकांत आपण वारंवार वाचल्या. त्या माताही कहाणीतल्या सुनेच्याच बहिणी नव्हेत काय? आणि आपल्याच आळीत मूल गमावलेली किंवा कूस न उजवलेली एखादी भगिनी सणाच्या दिवशी दार लोटून बसते, तेव्हा तिला अपशकुनी मानणारे आपण त्या सासऱ्याहून किती वेगळे?

म्हणून व्रतस्थ माता-भगिनींस आमची विनंती एवढीच. यंदा पूजेच्या पाटाशी त्या भगिनीस सन्मानाने बोलवावे, तिच्या हाती वाण द्यावे. "अतिथी कोण आहे?" या प्रश्नाला तिनेही निःसंकोचपणे "मी आहे" म्हणावे. योगिनींना याहून प्रिय पूजा दुसरी नसेल.