गाडी कुठे उभी करायची?

दिवाळी आटोपली की आपल्या जिल्ह्यातील विहारांत बैठका बसू लागतात. वणी असो, पुसद असो, की घाटंजीकडचे शंभर उंबऱ्यांचे खेडे असो, विषय एकच. ६ डिसेंबरला दादरला किती माणसे निघतील, गाडी कोणाची ठरवायची, माणशी वर्गणी किती पडेल, भाकरी-चटणी किती वेळची बांधायची. या सगळ्यावर रात्री दहा-दहा वाजेपर्यंत खल होतो. एका गोष्टीवर मात्र कोणी बोलत नाही. मुंबईत पोहोचल्यावर ती गाडी उभी कुठे करायची? कोणी विचारलेच, तर "तिथे गेल्यावर पाहू" एवढ्यावर विषय संपतो. धामणगाव किंवा बडनेऱ्याहून रेल्वेने जाणाऱ्यांना ही चिंता नाही. पण टेम्पो ट्रॅव्हलर, जीप, खासगी बस करून जाणाऱ्या कुटुंबांसाठी आज हा विषय घेतला आहे.

प्रथम जागा समजून घेऊ. दिल्लीत परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाल्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथेच पुढे स्तूप उभा राहिला आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. म्हणजे चैत्यभूमी अगदी समुद्राला लागून आहे. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला शिवाजी पार्क आणि दाट वस्ती. माणसे येणार ती एकाच बाजूने, आणि तीही लाखोंनी. समुद्राकडे जाणाऱ्या त्या मोजक्या रस्त्यांवर गाड्या लावू दिल्या, तर माणसाला चालायला जागाच उरणार नाही. म्हाताऱ्या माणसाला चक्कर आली, एखाद्या लेकुरवाळीला त्रास झाला, तर रुग्णवाहिका येणार कुठून?

म्हणून मुंबई वाहतूक पोलीस दरवर्षी साधारण ५ ते ७ डिसेंबर या दिवसांसाठी आदेश काढतात. स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग आणि शिवाजी पार्कच्या भोवतालचे रस्ते वाहनांना बंद होतात किंवा तेथे गाडी उभी करण्यास मनाई होते. बाहेरगावच्या गाड्यांसाठी दुसऱ्या जागा नेमून दिल्या जातात. रेल्वेच्या पश्चिमेला सेनापती बापट मार्ग आणि पूर्वेला माटुंग्याजवळचा फाइव्ह गार्डन परिसर, ही नावे गेल्या काही वर्षांत त्या यादीत येत आली आहेत. यादीत फेरबदल होतो, तेव्हा गेल्या वर्षी कुठे थांबलो होतो यावर न जाता त्या वर्षीचा आदेश पाहावा.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला आहे. त्या वाटेने येणारी आपल्याकडची गाडी ठाण्यावरून येते आणि दादरच्या पूर्व अंगाला पोहोचते. अशा गाडीने पश्चिमेला जाण्याचा हट्ट धरू नये. पूर्वेलाच नेमलेल्या जागी गाडी लावून, रेल्वे ओलांडून पायी जावे. चाल बरीच आहे, पण गर्दीत अडकलेल्या गाडीत चार तास बसण्यापेक्षा ती बरी. आजी-आजोबांना मात्र आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते पायात धड चपला घालून निघतील.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि तो खेड्यातल्या गाडीलाही तसाच लागू आहे. पदपथावर, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर, बस थांब्याजवळ, शाळा-दवाखान्याच्या दारात, चौकापासून ५० मीटरच्या आत गाडी उभी करायची नाही, असे २०१७ चे नियम सांगतात. निळ्या गोल फलकावर एक तांबडी तिरपी रेघ असेल, तर तेथे गाडी ठेवून जाता येत नाही. माणसे उतरवण्यापुरते थांबता येते. दोन रेघांची फुली असेल, तर थांबणेसुद्धा नाही. हा फरक अनेक जुन्या ड्रायव्हरांनाही सांगावा लागतो, असा आमचा अनुभव आहे.

दंड पूर्वी १०० रुपयांवर भागत असे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून तो पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा चुकल्यास १,५०० रुपये झाला आहे. शिवाय मनाई असलेल्या जागी उभी असलेली, किंवा दहा तास व त्याहून अधिक बेवारशी सोडलेली गाडी उचलून नेण्याचा किंवा तिच्या चाकाला जामर लावण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी कलम १२७ खाली देऊ शकतो. उचलून नेण्याचा खर्च गाडीमालकाच्या माथी, दंड वेगळा. पावती आता हातात पडेलच असे नाही. फोटो निघतो आणि चलान मालकाच्या मोबाईलवर जाते. मालक गावी, मोबाईल त्याच्या खिशात, आणि महिन्याअखेर पैसे कापले जातात ड्रायव्हरच्या पगारातून.

या ड्रायव्हरविषयी थोडे अधिक लिहायचे आहे. तो बहुधा आपलाच पोरगा असतो. साडेसहाशे किलोमीटरहून अधिक अंतर तो रात्रभर गाडी हाकतो. दादरला आपण सारे पांढरी वस्त्रे नेसून रांगेला जातो आणि त्याला सांगतो, "तू गाडीजवळ थांब रे, उचलून नेतील." सायंकाळी आपण पुस्तके, फोटो, कॅलेंडर घेऊन परततो आणि तो परत स्टिअरिंगवर बसतो. दरवर्षी दादरला जाऊनही ज्याला चैत्यभूमीचे दर्शन घडलेले नाही, असे ड्रायव्हर आम्हाला भेटले आहेत. हे आपल्याला शोभत नाही. गाडी नेमून दिलेल्या जागी लावली, तर आळीपाळीने दोन-दोन माणसे तिच्यापाशी बसू शकतात. ड्रायव्हरने आधी तीन-चार तास झोप घ्यावी, मग त्याला रांगेत पाठवावे. ही पाळी बैठकीतच नावानिशी लिहून काढा. आणि संघाच्या सांगण्यावरून गाडी भलत्या जागी लावली असेल, तर दंड वर्गणीतून भरा.

दुसरी गोष्ट बायामाणसांची. काही वर्षांपूर्वी ६ तारखेच्या रात्री दादर स्टेशनबाहेर पुसदकडच्या एक आजी आम्हाला भेटल्या. गाडी कुठे आहे विचारले, तर म्हणाल्या, "मोठ्या भिंतीजवळ, बाबू." दादर-परळात मोठ्या भिंती काय कमी आहेत? गाडीचा नंबर नाही, ड्रायव्हरचा फोन नाही. तास-दीड तास हिंडलो तेव्हा त्यांचे लोक सापडले, तेही रडकुंडीला आले होते. तेव्हापासून आम्ही आमच्या संघात प्रत्येकाला एक चिठ्ठी देतो. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा व आणखी एकाचा मोबाईल, गाडी उभी आहे त्या रस्त्याचे नाव आणि जवळचे रेल्वे स्टेशन. लहान मुलांच्या खिशाला ती पिनेने लावायची. तरुणांनी उतरल्याबरोबर जागेचा फोटो घ्यावा, दुकानाची पाटी दिसेल असा.

दादरचे काही रहिवासी म्हणतात, दोन-तीन दिवस आमच्या रस्त्यांवर बंदी येते. अडचण होते, हे खरे. पण रस्ता सार्वजनिक आहे, एवढे त्यांनीही ध्यानात घ्यावे. मुंबईत गाड्यांनी रस्ते अडवण्याचे दुखणे बाराही महिन्यांचे आहे. २०१९ च्या जुलैत महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा लावलेल्या गाड्यांना ५ हजारांपासून २३ हजार रुपयांपर्यंत दंड ठरवला, तो काही आपल्या जीपगाड्यांसाठी नव्हता. इकडे यवतमाळात १४ एप्रिलची मिरवणूक निघते, तेव्हा वाटेतल्या गाड्या काढून घ्या म्हणून आपणच ओरडतो. तिथे दादरला आपण पाहुणे आहोत, इतकाच फरक.

शासनाकडे मात्र एक मागणी जरूर आहे. हा आदेश निघतो तो ऐन वेळी, आणि छापून येतो मुंबईच्या वर्तमानपत्रांत. आपल्या गाड्या ४ तारखेलाच निघालेल्या असतात. वाहनतळांची यादी नोव्हेंबरातच तहसील कार्यालयांकडे आणि एस.टी. आगारांत पोहोचली, तर गावचा माणूस ती वाचून निघेल. ठाण्याच्या अलीकडे, गाड्या शहरात शिरण्याआधी, मोठ्या मराठी अक्षरांत बाण दाखवणारे फलक हवेत. या मागणीचा अर्ज आम्ही तयार केला आहे. ज्या विहारांना त्यावर सह्या करावयाच्या असतील, त्यांनी येत्या पौर्णिमेच्या आत साप्ताहिकाच्या कार्यालयातून प्रत न्यावी. सह्यांसोबत आपल्या गावाहून किती गाड्या जातात आणि त्या कोणत्या मार्गाने जातात, तेही लिहावे.