गुडघा म्हणजे बेअरिंग नव्हे

आमच्या हापिसात दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टसमोर रांग लागते. जिना शेजारीच, रिकामा. "चल की जिन्याने" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "नको रे बाबा, गुडघे झिजतात." म्हणणारा २८ वर्षांचा!

ह्या 'झिजतात'वर माझा खरा राग आहे. हा शब्द आपण मोटरसायकलवरून उचललाय. बेअरिंग जितकं फिरेल तितकं झिजतं, टायर जितका पळेल तितका गुळगुळीत होतो, म्हणून गुडघाही जपून वापरायचा आणि म्हातारपणासाठी शिल्लक टाकायचा. काय चोख लॉजिक आहे! फक्त बेअरिंगला वापरल्याने पोषण मिळत नाही आणि गुडघ्याला मिळतं, एवढी एक बारीकशी गोष्ट राहून जाते.

सांध्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते (कार्टिलेज हो), तिच्यात रक्तवाहिनी नसते. एकही नाही. मग तिला खायला कोण घालतं? मुख्यतः सांध्यातलं वंगण. पाऊल टेकलं की कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते, उचललं की सुटते, आणि ह्या दाब-सोडीत जुना द्रव बाहेर जातो, ताजा आत येतो. म्हणजे नऊ तास खुर्चीत बसून आपण गुडघ्याला जो 'आराम' देतो, ती त्याची उपासमार असते. मणक्यांमधल्या चकत्यांचीही जवळपास हीच कथा. मग कंपनी कितीही महागाची एर्गोनॉमिक खुर्ची देवो, तिच्यावरून उठलात तरच तिचा उपयोग.

हाडांचं तर विचारूच नका. शाळेत आपण २०६ हाडं पाठ केली आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लटकणारा सांगाडा बघितला, त्यामुळे हाड म्हणजे वाळका बांबू अशीच आपली समजूत. प्रत्यक्षात ते सतत मोडून बांधलं जात असतं, आणि कुठे जास्त माल घालायचा ते भार ठरवतो. युलिउस वोल्फ ह्या जर्मन सर्जनने १८९२ मध्ये ह्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मुरलेल्या टेनिसपटूचं रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट टोक बघायचं तर अंतराळवीर बघा. पायांवर वजनच नाही, जिना नाही, काही नाही. जगातला सर्वात आरामात असलेला सांगाडा! व्यायाम पुरेसा नसेल तर त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते १.५ टक्के घटते.

आणि स्नायू? ते फक्त ओढतात, ढकलणं त्यांना जमतच नाही. म्हणून ते जोडीने काम करतात: एक हात वाकवतो, दुसरा सरळ करतो. जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावतो. तो लुळा पडला की धक्का सांध्याला सोसावा लागतो. गुडघ्याचा शॉकअॅब्सॉर्बर मांडीत आहे, राव.

"पण धावणाऱ्यांचे गुडघे जातात की!" हा पुढचा बाण. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं. हौशी धावपटूंमध्ये खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धात्मक धावणाऱ्यांत १३.३ टक्के. म्हणजे अतिरेकाची किंमत आहेच, ती नाकारत नाही. मुळात ज्यांचे गुडघे धड तेच धावतात, असंही कुणी म्हणेल. म्हणा. पण 'वापरलं की झिजतं' हे खरं असतं तर बैठ्या मंडळींचा आकडा सर्वात कमी नको होता का?

सुजलेला, अडकणारा, पडल्यावर दुखणारा गुडघा घेऊन सरळ डॉक्टरकडे जा. ते वेगळं.

माझं भांडण त्या मायेशी आहे, जी आपण घरी दाखवतो. आईचा गुडघा जरा कुरकुरला की "तू बस गं, मी आणतो." भाजी बंद, देऊळ बंद, गच्ची बंद. सहा महिन्यांत मांडी वाळते, मग गुडघा जास्त दुखतो, मग आपण तिला आणखी बसवतो. संधिवातातही डॉक्टर आधी व्यायामच सांगतात, आणि आपण मात्र कौतुकाने रिमोट हातात देतो. परवडेल तेवढं चालू द्या तिला. हवं तर सोबत जा, सावकाश, आणि भाजीची पिशवी निम्मी तिच्याच हातात असू द्या.