एका किलो ज्वारीला तीनशे युनिट

‘शेतीचं भविष्य टॉवरमध्ये आहे’ असं सांगणारी रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. गुलाबी दिवे, मजल्यावर मजले, मातीशिवाय वाढलेला लेट्यूस. आमच्या ऑफिसात ती आली की कुणीतरी म्हणतंच, ‘चला, पावसाची कटकट संपली!’ मी मंगळवेढ्याचा आहे आणि इंजिनियरही आहे. तेव्हा आधी हिशेब करू.

एक किलो ज्वारीत साधारण ३,५०० किलोकॅलरी, म्हणजे चार युनिट विजेएवढी ऊर्जा असते. पीक मिळालेल्या प्रकाशातला फार तर ५ टक्के अंगी लावतं. त्यातला निम्म्याहून कमी भाग कणसात जातो. चांगला एलईडी विजेतल्या ६० टक्क्यांच्या आसपास प्रकाश देतो. करा भागाकार: किलोला ३०० युनिटांच्या पुढे. ८ रुपये दर धरला तर नुसत्या दिव्यांचं बिल २,४०० रुपयांवर. एसी आणि भाडं वेगळंच. आमच्या रानात हे काम सूर्य फुकट करतो.

म्हणून टॉवरमध्ये धान्य नसतं, पाला असतो. तोही परवडेना. अमेरिकेतल्या एअरोफार्म्सने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बोवरी २०२४ मध्ये बंद पडली, २०२५ मध्ये प्लेंटीनेही तोच अर्ज केला.

‘पण पाणी ९५ टक्के वाचतं!’ पालेभाजीचं वाचत असेल. हॉटेलांसाठी खुशाल पिकवा. मालदांडी मात्र पावसाळा सरताना पेरतात आणि ती काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. ना पाट, ना मोटार. शून्यातले ९५ टक्के कसे वाचवणार? दुष्काळात दामाजीपंतांनी कोठार उघडलं, ही कथा आमच्याकडे पोरासोरांना पाठ आहे. लेट्यूसचं कोठार होत नाही.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी अडचण आहेच: पुरुषभर उंचीची ताटं आजही बरेच जण हातानेच उपटतात, मजूर मिळत नाहीत, पोरं माझ्यासारखी पुण्याला जातात. कडबा खराब न करता मालदांडी काढणारं, लहान शेतकऱ्याला परवडणारं यंत्र हवंय. तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावांना पाणी हवंय. गुंतवणूकदारांचा पैसा आणि आम्हा इंजिनियरांचं डोकं इथे लागलं पाहिजे. फुकटच्या उन्हाला पर्याय शोधण्यात नाही.