फाटकापेक्षा मागची बाजू बघा

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आपल्या शहरांतल्या जिमखान्यांना आणि क्रीडा मंडळांना भिंतींची आठवण होते. रंग लागतो, फाटकाशी कुंड्यांची रांग लागते, जुने टायर लाल-पिवळे रंगवून त्यांत फुलझाडे येतात. अलीकडे एखादे कारंजेही असते. आजूबाजूच्या सोसायट्यांना मैदान चांगले दिसावे, पार्किंग आणि लाउडस्पीकरवरून झालेली कुरबूर जरा निवावी, हा हेतू. त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण सरकारी रुग्णालयात तापाच्या रुग्णांची गर्दीही याच दिवसांत वाढते, त्यामुळे माझ्यासारख्या डॉक्टरचे लक्ष रंगाकडे न जाता टायरमधल्या पाण्याकडे जाते.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारापेक्षा साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तेही फार लागत नाही, कुंडीखालच्या बशीतले चालते. पावसाळ्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. हा डास लांबचा प्रवासी नाही. बहुतेकांचे आयुष्य जन्मल्या जागेपासून शंभर-दोनशे मीटरांत संपते. म्हणजे क्लबच्या आवारात जन्मलेला डास जाणार तो शेजारच्याच इमारतीत. शिवाय तो चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळण्याआधी. सभासद दिवेलागणीनंतर बॅडमिंटन आणि पत्ते खेळायला येतात, तोवर शेजारच्या घरातली आजी आणि पाळण्यातले बाळ डासांच्या तावडीत सापडून झालेले असतात. डास क्लबचा आणि ताप शेजाऱ्याचा, असा हा हिशेब आहे.

म्हणून पाहणी फाटकापासून नको, मागच्या बाजूने सुरू करावी. खेळपट्टीवर अंथरलेल्या ताडपत्रीच्या घड्या, व्हॉलीबॉलच्या खांबांचे वरून उघडे पाइप, कापलेल्या बांबूचे पोकळ खुंट, भंगारात टाकलेल्या खुर्च्या. पाइप आणि खुंट वाळूने भरून टाकता येतात. ताडपत्री रोज झटकावी लागते. टायर आडवा ठेवा की उभा, त्याच्या पोटात पाणी राहतेच; रंगवायचाच असेल तर आधी भोके पाडा, नाहीतर काढूनच टाका. कारंज्याचे दुखणे वेगळे. उद्घाटनाला ते थुईथुई नाचते आणि महिन्याभरात पंप बिघडतो. वाहत्या पाण्यात हा डास वाढत नाही, पण बंद पडलेले कारंजे म्हणजे त्याच्यासाठी बांधून दिलेले पाळणाघर. चालवता येत नसेल तर कोरडे ठेवावे, किंवा त्यात गप्पी मासे सोडावेत.

यासाठी आठवड्यातला एक दिवस ठरवून माळीबुवांना तासभर मोकळा द्यावा. पाणी नुसते ओतून देणे पुरत नाही. मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओल्या कडेला चिकटवते. ती कोरड्यात काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागले की उबतात. भांडी ब्रशने घासावी लागतात, हे माळीबुवांना समजावून सांगायला हवे. धुराच्या फवारणीचा भरवसा धरू नये. तिने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. फोटो मात्र छान येतो.

दुसरा मोह झटपट हिरवाईचा. कुंपणालगत कोनोकार्पस लावला की दोन-तीन वर्षांत हिरवी भिंत उभी राहते. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांची अॅलर्जी आणि नळ-गटारांत, केबलमध्ये घुसणारी मुळे ही त्यामागची कारणे. अॅलर्जीबाबत तज्ज्ञांत चर्चा होऊ शकते. पण मुळांनी फुटलेले ड्रेनेज शेजाऱ्याच्या दारातही तुंबते. मेंदी, अडुळसा, कोरांटी यांचे कुंपण सावकाश वाढते, एवढाच त्यांचा दोष.

कोपऱ्यात माजलेल्या गाजर गवताकडे सौंदर्यीकरणात कुणी बघत नाही. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे गवत आता देशभर आहे. त्याला हात न लावणाऱ्यालाही, वाऱ्याने उडालेल्या कणांमुळे पापण्या, मान आणि कोपराच्या खाचेत खाज सुटणारा त्वचारोग होतो. काहींची सर्दी हटत नाही. फुले येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणे हा साधा उपाय आहे. फुले आल्यावर उपटले तर हजारो बिया आपणच मैदानभर पेरतो.

आणि हिवाळ्यात पालापाचोळा पेटवू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई करून साध्या प्रकाराला ५ हजार रुपये दंड ठरवला आहे. थंडीत धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि दमेकऱ्याला रात्रभर बसवून ठेवतो. एक खड्डा खणला तर त्याच पाल्याचे खत होते आणि फाटकावरच्या कुंड्यांना उपयोगी पडते.

रंगाचे कंत्राट देण्याआधी क्लबच्या एखाद्या पदाधिकाऱ्याने शेजारच्या इमारतीत जावे, तिसऱ्या मजल्यावर चहा मागावा आणि तिथल्या गॅलरीतून आपले आवार बघावे. पॅव्हेलियनच्या गच्चीवर साचलेले पाणी तिथून स्वच्छ दिसते. मैदानातून ते कधीच दिसत नाही.